ताईचा नाशपतीचा रेकॉर्डर

कोणी एक काम सांगितलं की मी घरी ते दीडपट करतो आणि ऑफिसात निम्मं. सरासरी बरोबर येते, असं बायको म्हणते, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही.

ताईने सांगितलेलं काम अगदी छोटं होतं. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने दुसऱ्या गावी निघाली होती आणि जाताना आपला रेकॉर्डर आमच्याकडे ठेवून गेली. रेकॉर्डर म्हणजे आवाज टिपायचं यंत्र नव्हे. रेकॉर्डर म्हणजे समोर उभी धरून, टोक ओठांत घेऊन वाजवायची परदेशी लाकडी बासरी. ताईचा बरोक घडणीचा, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी जसे कातायचे तसा: एकमेकांत बसवलेले तीन तुकडे, सांध्यांवर गोल फुगवटे, एकूण रूप जिन्याच्या कठड्यातून निसटलेल्या दांड्यासारखं. हे स्पष्टीकरण मी त्या दोन महिन्यांत इतक्या लोकांना दिलं की पुढेपुढे मी ते एका दमात द्यायला लागलो.

"आठवड्यातून एकदा पेटी उघडून जरा वारा लागू दे," ताई म्हणाली. "बाकी काही करू नकोस."

"बाकी काय करणार?"

"तेच सांगते. काही करू नकोस."

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवत होती आणि आठवी-नववी मी तिच्याच वर्गात होतो. घरी आणि शाळेत रागावणारं माणूस एकच असलं की मुलाला पळायला जागा उरत नाही. ती ओरडायची नाही. नुसती गप्प राहायची. ओरडणारे मास्तर परवडले.

पहिल्याच रविवारी मी पेटी उघडली. आत रेकॉर्डर निवांत पडला होता, पण त्याच्या तोंडाशी एक पांढरट थर दिसला. दुसऱ्याची वस्तू आपण घेतली त्याहून स्वच्छ परत करावी, असे आमच्यावर संस्कार. मी भांड्यांचा साबण घेतला, बाटल्या धुवायचा ब्रश घेतला, आणि कोमट म्हणणं धाडसाचं ठरेल असं पाणी घेतलं. छान खळखळून धुतला. मग खिडकीत, उन्हात, वर्तमानपत्रावर तिन्ही तुकडे वाळत ठेवले आणि चहा प्यायला बसलो.

अर्धा कप झाला असेल, तेवढ्यात 'टक्' असा आवाज आला. आवाज मोठा नव्हता. आमच्या घरात याहून मोठे आवाज दिवसभर होतात आणि कोणी मान वर करत नाही. पण या आवाजाला बायको आतल्या खोलीतून बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही. लाकूड वाळतंय."

तिने वरचा तुकडा हातात घेतला आणि उजेडात फिरवला. तोंडापासून खाली बोटभर लांबीची सरळ चीर पडली होती.

"तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं होतं?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

"आत्ताच्या आत्ता ताईंना फोन करा आणि सांगून टाका," ती म्हणाली.

मी सांगणारच होतो. पण सांगताना सोबत दुसरा, हुबेहूब तसाच रेकॉर्डर हातात असावा, एवढीच माझी इच्छा होती. आणि हुबेहूब तसाच हातात असेल, तर सांगायची तरी काय गरज, असा एक किरकोळ विचार मागून आला. तो मी बायकोला सांगितला नाही. ताई परतल्यानंतरच्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तिच्या सात जणांच्या गटाचा कार्यक्रम होता. माझ्या हातात सात आठवडे होते. सात आठवड्यांत एक बासरी आणता येत नसेल तर माणसाने नोकरी तरी कशाला करावी, असं मला वाटलं. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकून आहे. सात आठवड्यांत तिथून काय काय मिळत नाही, हे खरं तर मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

आधी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गिटारींच्या रांगेमागून विचारलं, "साइज कुठली?"

"मधली."

"मधली म्हणजे? सोप्रानो, आल्टो, टेनर की बास? सोप्रानो जेमतेम दीड वीत लांब. टेनर घ्यायचा तर बोटं लांब लागतात. आणि बास घेऊन बसमध्ये चढता येत नाही."

मी म्हणालो, मोजून सांगतो. घरी येऊन बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजला. साडेएकोणपन्नास सेंटिमीटर भरला. दुकानदार फोनवर म्हणाला की एवढा लांब रेकॉर्डर जगात नसतो. आल्टो एक तर सत्तेचाळीसचा असतो नाहीतर पन्नासच्या वर. पुन्हा मोजला तर अठ्ठेचाळीस आला. टेप वीस वर्षं जुना होता आणि ओढाल तसा लांबत होता. बायकोचे ब्लाउज इतकी वर्षं कधी घट्ट, कधी सैल का होतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. मी तो तिला सांगितला. सांगायला नको होता.

साइज आल्टो ठरली. आता लाकूड.

दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे प्लास्टिकचे आहेत. लाकडी हवा असेल तर परदेशातून मागवा, पण लाकूड कुठलं ते तुम्हीच ठरवा." त्याने मला एका कारागिराचं पान दाखवलं. त्यावर प्रत्येक लाकडाचं स्थळासारखं वर्णन होतं. मेपल: स्वभावाने मृदू, नवशिक्यांना सोयीचं. नाशपती: उबदार, गोल आवाज. बॉक्सवुड: स्पष्ट आणि तेजस्वी. शिसवी: भारदस्त, दूरवर ऐकू जाणारा. ऑलिव्ह: देखणं, थोडं लहरी. आवाज गोल असतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर प्रथमच वाचत होतो. ताईच्या रेकॉर्डरचा आवाज कोणत्या आकाराचा होता, हे आठवायचा मी प्रयत्न केला, आणि लक्षात आलं की मी तो कधी नीट ऐकलेलाच नाही. ती वाजवायला बसली की मी चपला घालून कोपऱ्यावर जाऊन यायचो.

तेव्हा तज्ज्ञांना विचारणं आलं. आमच्या इमारतीत तज्ज्ञांची कमतरता नाही. कमतरता आहे ती तज्ज्ञ नसलेल्यांची. वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर फर्निचरचे ठेके घेत होते. त्यांनी तुकडा नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "शिसवी."

"रंग तर फिका आहे, काका."

"आत शिसवी आहे. वरून फिकी."

समोरचे दंतवैद्य तो दवाखान्यात घेऊन गेले, दिव्याखाली धरला, चिमट्याच्या टोकाने टकटक केलं. "बॉक्सवुड," ते म्हणाले. "आणि मूळ शाबूत आहे. ही चीर भरून निघेल." मला वाटलं, ते सवयीने बोलतायत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. इतक्या लोकांचं ऐकलं, आणि जे ऐकायला हवं होतं तेवढंच नेमकं सोडलं. तळमजल्यावरच्या निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका सर्वांत कडक निघाल्या. "अंदाज मी देत नाही. पातळ काप काढा, सूक्ष्मदर्शकाखाली बघू." त्यांनी ब्लेड पुढे केलं. मी रेकॉर्डर छातीशी धरून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत घरी आलो.

शेवटी ताईलाच फोन केला. आधी बाळाची चौकशी केली, मग भाचीची, मग तिकडच्या हवेची.

"ताई, तुझ्या त्या रेकॉर्डरचं लाकूड कुठलं गं?"

"का रे?"

"सहज."

"तू सहज काही विचारत नाहीस."

"अगं, शेजारच्या काकांशी बोलताना विषय निघाला."

पलीकडे बाळ रडलं, त्याला तिने थोपटल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "नाशपती. ह्यांनी आणला होता मला, निवृत्तीच्या दिवशी. मी म्हटलं, साठीला आलेल्या बाईला बासरी कशाला? तर म्हणाले, आता तरी काही न शिकवता शिक." ती थोडं हसली. "उघडतोस ना पेटी?"

"हो. उघडतो."

भावजींना जाऊन चार वर्षं झाली. मी फोन ठेवला. बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी मान हलवली. कसाही अर्थ लावता येईल अशी हलवली.

त्याच दिवशी मी नाशपतीचा आल्टो मागवला. पानावर शेवटी एक चौकट होती, तीत दोन आकडे होते, ४१५ आणि ४४०, आणि त्यांतला एक निवडायचा होता. कसले ते कळलं नाही. कुठल्याही अर्जात कळत नसलेला रकाना आला की लहान आकडा टाकावा, म्हणजे पुढे चौकशी होत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. मी ४१५ टाकला.

पार्सल तीन आठवड्यांनी आलं, म्हणजे आमच्या घरी नाही, परदेशी पार्सलं तपासायच्या कार्यालयात आलं. तिथे खिडकीमागे एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्यापुढे एक अर्ज सरकवला. त्यावर लिहिलं होतं: वनस्पतिजन्य वस्तू. पहिला प्रश्न: वस्तू जिवंत आहे काय? दुसरा: कशासाठी? लागवड, भक्षण की अन्य? मी 'अन्य' वर खूण करून लिहिलं, 'वाजवण्यासाठी'.

"वाजवण्यासाठी असं चालत नाही," ते म्हणाले. "अन्य म्हणजे अन्य. त्यापुढे काही लिहायचं नाही. दुसरा अर्ज घ्या."

दुसऱ्या अर्जात लाकडाचं शास्त्रीय नाव हवं होतं. तळमजल्यावरच्या प्राध्यापिकांकडून ते लिहून आणलं. तिसऱ्या खेपेला, हे लाकूड शिसवी नाही असं पत्र मागितलं, कारण शिसवीला वेगळी परवानगी लागते.

"पण वर नाशपती लिहिलंय ना?"

"नाशपती आहे असं लिहिलंय. शिसवी नाही असं कुठे लिहिलंय?"

हे वाक्य ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही, ओळखीचं वाटलं. याच चालीवर मी गेल्याच आठवड्यात एका बाईंना म्हणालो होतो की, वडील वारल्याचा दाखला आहे, पण ते हयात नसल्याचं कुठे म्हटलंय. चौथ्या खेपेला साहेब जागेवर नव्हते. मी बाकावर दोन तास बसलो. उठून विचारलं, "कधी येतील?"

"येतील," खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मला ओळखलं नाही."

मी नाही म्हणालो.

"मुलीच्या दाखल्यात नावाची वेलांटी चुकलीय. ऱ्हस्व हवी, दीर्घ पडलीय. तुमच्या खिडकीवर पाच खेपा झाल्या माझ्या. पाचव्या वेळी तुम्ही म्हणालात, साहेब जागेवर नाहीत. साहेब तुमच्या मागे चहा पीत होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मलाही थकवा आला होता. आम्ही दोघं काचेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी त्यांची फाइल काढली. कागद पहिल्या दिवसापासून पूर्ण होते. मी वेलांटी ऱ्हस्व केली, सही घेतली, आणि दाखला स्वतः त्यांच्या खिडकीवर नेऊन दिला. त्यांनी तो नाकाजवळ धरून दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तरीपण ते शिसवी नसल्याचं पत्र लागेलच."

पत्र दिलं. रेकॉर्डर मिळाला. ताई यायला बारा दिवस उरले होते.

पेटी उघडली. रंग तोच, फुगवटे तसेच, फक्त एक कोरी चकाकी होती जी ताईच्या रेकॉर्डरला नव्हती. सोबत एक चिठ्ठी: नवीन लाकडाला दमाची सवय हळूहळू लावावी. पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, पुढचा आठवडा दहा. एकदम फार वाजवल्यास तडा जाण्याचा संभव.

'तडा' हा शब्द वाचून मी खुर्चीवर बसलो. ताई आल्याआल्या तास-तास सराव करणार. म्हणजे त्याआधी रोज कोणीतरी तो वाजवायला हवा. घरात त्या बाबतीत दोनच उमेदवार होते, आणि बायकोने उमेदवारी मागे घेतली.

मग मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की बाथरूममध्ये उभं राहून पाच मिनिटं घड्याळ लावून फुंकायला लागलो. पहिल्या दिवशी जो आवाज निघाला, तो ऐकून वरच्या काकांनी पाण्याची मोटर बंद केली. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य दार वाजवून विचारून गेले, कोणाला काही त्रास होतोय का. चौथ्या दिवशी डाव्या हाताची तीन बोटं भोकांवर नीट बसली आणि एक स्वर सरळ आला. गोल म्हणता येईल असा. मी पाच मिनिटं तोच वाजवला. बाहेर आलो तर बायको भाजी निवडत होती. तिने टीव्हीचा आवाज बारीक केलेला होता.

आठव्या दिवशी आवाज बसला. फुंकलं की नुसती वाफ. दुकानदाराने एका जुन्या दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. एका बोळात, लाकडाच्या भुशात, म्हातारबुवा बसले होते. त्यांनी रेकॉर्डर फुंकला, तोंडाच्या फटीतून ओल झटकून काढली आणि परत दिला. "झालं. ओलावा साचतो. आणखी काय आणलंय?"

पिशवीत ताईचाही होता. का नेला होता, सांगता येणार नाही. त्यांनी चीर पाहिली.

"गरम पाण्यात घातला होतात?"

"हो."

"तोंडात देवदाराचा ठोकळा बसवलेला असतो, तो फुगला, त्याने फोडला. दोन दिवसांनी घेऊन जा."

"म्हणजे दुरुस्त होतो?"

"का नाही होणार? चीर सरळ आहे, लाकूड जुनं, मुरलेलं. चिकटवून घासलं की शंभर वर्षं बघायला नको." त्यांनी नव्याकडे बोट दाखवलं. "मग हा कशाला घेतलात?"

मी म्हणालो, मोठी गोष्ट आहे. ते म्हणाले, मग राहू दे.

ताई आली त्या दिवशी दोन्ही पेट्या टेबलावर होत्या. मी सगळं सांगायची तयारी केली होती. क्रमही लावला होता: आधी वेलांटीपासून, मग मागे. पण तिने सरळ आपली पेटी उघडली, वरचा तुकडा काढला आणि अंगठा चिकटवलेल्या चिरेच्या केसासारख्या रेघेवरून फिरवला. मग ती गप्प झाली. पन्नाशी ओलांडलेला मी, माझ्याच घरात, खुर्ची असून उभा राहिलो.

"धुतलास?"

"हो."

"साबणाने?"

"भांड्यांच्या."

तिने तुकड्यातून आरपार उजेडाकडे बघितलं. मग तिन्ही तुकडे जोडले आणि वाजवला. लांब, एकच स्वर. कोपऱ्यावर जायचं मला सुचलं नाही. स्वर संपल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आहे. ह्यांचाच आहे."

"ताई, मला सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं." तिने दुसरी पेटी ओढली. "आणि हे काय?"

मी सांगितलं. तिने नवा रेकॉर्डर फुंकला, मग आपला, मग पुन्हा नवा, आणि कपाळाला हात लावला. "अरे, हा जुन्या पट्टीतला आहे. अर्धा स्वर खाली. आमच्या गटात हा घेऊन बसले असते तर सगळ्यांना वाटलं असतं बाई बेसूर झाली. ४१५ मागवलास का?"

"मला वाटलं, लहान आकडा बरा."

बायको आतून हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

कार्यक्रम झाला. ताईने जुनाच वाजवला. मागच्या रांगेत बसून मी तो पहिल्यांदा पूर्ण ऐकला, आणि मध्येच लक्षात आलं की माझी डाव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर दाबली जातायत. शेजारच्या माणसाने पाय आवरून घेतले.

दुसऱ्या शनिवारी दुपारी ताई आमच्याकडे आली. दुरुस्तीवाल्यांकडून तिने एक जुनाट, काळपट आल्टो मागून आणला होता. "त्यांच्याकडे पडून होता," ती म्हणाली. "हाही ४१५. तुझा तो एकटा कोणाबरोबर वाजणार? काढ."

"मला एकच स्वर येतो, ताई."

"ऐकलंय मी. तुझ्या बायकोने फोनवर सगळं सांगितलंय. रोज पाच मिनिटं, बाथरूममध्ये. आज दहा करायची. बस इथे, पाठ सरळ."

तिने चार स्वरांची एक ओळ वहीत लिहून समोर ठेवली. तिच्या वहीच्या समासात अजूनही लाल शाई असते. वरच्या मजल्यावर काकांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. आम्ही सुरू केलं. ती आपल्या वाटेने गेली, मी माझ्या. तिसऱ्या स्वराला माझं बोट घसरलं आणि शिट्टी वाजली. मी थांबलो, आणि सवयीने जरा खाली बघितलं.

ताई गप्प राहिली नाही.

"परत," ती म्हणाली. "पहिल्यापासून."